एका शेताच्या तीन भेटी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील पालकमेळाव्यात केलेले भाषण)



या मेळाव्यात बोलण्याविषयी कार्यवाहांनी सुचविले, तेव्हा आम्ही त्यांना प्रामाणिकपणे सांगितले की आम्ही ना शिक्षणतज्ज्ञ, ना कृषितज्ज्ञ. बी. ए. झालो, केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि तीस वर्षे फायली चाळीत पाच राज्यांतून फिरलो, एवढीच आमची योग्यता. त्यावर ते म्हणाले, "साहेब, आपण मुलांना शेतावर नेता ना? मग त्याविषयीच बोला." अशा रीतीने शाळकरी मुलांच्या शेतावरील व बागेतील सहली हा विषय ठरला. विषय किरकोळ वाटेल. परंतु आम्हांला तो पुस्तकातून सुचलेला नाही. घरातील एका प्रसंगाने तो आमच्या गळी उतरविला. तो प्रसंग आधी सांगतो.

२००९ सालच्या दिवाळीत आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावी गेलो होतो. भात कापणीला आले होते. वडील पंच्याहत्तरीचे होते, तरी पहाटे शेतावर फेरी मारल्यावाचून त्यांना चहा गोड लागत नसे. आमच्या आठ वर्षांच्या कन्येला त्यांनी हाताला धरून शेतावर नेले, एक भरलेली लोंबी खुडली आणि तिच्या तळहातावर ठेवून विचारले, "हे काय, सांग बघू बाय?" ती म्हणाली, "आजोबा, हे गवत टोचतंय." आणि तिने ती लोंबी बांधावर टाकून दिली. वडील काही बोलले नाहीत. गुडघा धरून ते सावकाश वाकले, लोंबी उचलली, टोपीत खोवली आणि घराकडे वळले. रात्री ओटीवर आम्ही तिच्या वतीने काही सारवासारव करू लागलो, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "तिचा काय दोष? तिला कोणी दाखवलंच नाही."

त्याच वर्षी तिच्या शाळेची एका मोठ्या बागेत सहल गेली होती आणि तिला 'निसर्गमित्र' असे प्रमाणपत्रही मिळाले होते. ते प्रमाणपत्र आम्ही चौकटीत बसवून घेतले होते! वडील २०११ मध्ये गेले. शेत दोन वर्षे चुलत्यांनी केले. पुढे त्यांचेही हात थकले आणि ते पड पडले. आज तेथे रान माजले आहे. हे दुःख आमचे एकट्याचे नाही. या सभागृहातील किती घरांचे असे शेत गावी पड आहे, हे हात वर करावयास सांगितल्यास दिसेल. पण आम्ही तसे सांगणार नाही.

आता शाळेच्या सहलीचे स्वरूप पाहू. दोन तास जाणे, दोन तास येणे आणि मधला पाऊण तास बाग. साठ मुलांमागे दोन शिक्षिका. "ओळीने चला, हात लावू नका, पाट्यांवरची नावे उतरवून घ्या." मग वेफर्सची पुडी, समूहाचे छायाचित्र आणि परतीच्या बसमध्ये गाण्यांच्या भेंड्या. शिक्षिकांना आम्ही दोष देत नाही. साठ मुले मोजून परत आणणे हीच मोठी तपश्चर्या आहे. परंतु मुलाने त्या दिवशी काय पाहिले? त्याने झाड पाहिले, झाडाची वाढ पाहिली नाही. शेत पाहिले, शेतीचे काम पाहिले नाही. वाढ आणि काम या दोन्ही गोष्टींना काळ लागतो, आणि एका दिवसाच्या सहलीत नेमका काळच नसतो. म्हणून आमचे एकच म्हणणे आहे: दहा ठिकाणी एकेकदा नेण्यापेक्षा मुलांना एकाच शेतावर तीनदा न्यावे, आणि तेथे त्यांच्या हातांना काहीतरी काम द्यावे.

हा विचार नवा नाही. जर्मनीत फ्रीड्रिश फ्रोबेलने आपल्या बालशाळेला १८४० मध्ये 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले, ते केवळ उपमा म्हणून नव्हे. त्याच्या शाळेत प्रत्येक मुलाला स्वतःचा लहानसा वाफा असे. आपण आज ज्या भूमीत राहतो, तेथे रवींद्रनाथांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतनात झाडांखाली वर्ग भरविले. आपल्या मुलाला, रथींद्रनाथांना, त्यांनी १९०६ मध्ये अमेरिकेत धाडले ते बॅरिस्टर होण्यास नव्हे, तर शेतीशास्त्र शिकण्यास. पुढे १९२२ मध्ये श्रीनिकेतन उभे राहिले, आणि १९२८ पासून वृक्षारोपण व हलकर्षण, म्हणजे नांगर धरण्याचा उत्सव, तेथे सुरू झाला. आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीस आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या साथीने जे कार्य केले, त्यात 'कुरणशाळा' ही एक अपूर्व कल्पना होती. आदिवासी मुले गुरे राखण्यामुळे शाळेत येत नाहीत ना? मग शाळाच कुरणावर न्यावी! आपल्या मुलांची स्थिती नेमकी उलट आहे. ती शाळेत नियमित जातात. कुरण मात्र त्यांनी पाहिलेले नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची कल्पना मांडली आहे. त्या दहांतील तीन दिवस आम्ही शेतासाठी मागतो.

आता आपल्या मंडळाने काय केले ते सांगतो. २०२४ साली नऊ ते तेरा वर्षांची अठरा मुले आणि सहा पालक असा आमचा मेळ जमला. हावड्याहून तारकेश्वरच्या लोकलने हुगळी जिल्ह्यातील एका लहान स्टेशनावर उतरावयाचे, आणि तेथून पायी वीस मिनिटांवर एका शेतकऱ्याचे अडीच बिघे भाताचे शेत. त्याचे आधी मन वळवावे लागले. अर्ध्या दिवसाची मजुरी व जेवणाचा खर्च आम्ही देऊ केला, तो त्याने आढेवेढे घेत स्वीकारला. शेतकऱ्याचा दिवस फुकटात मागणे योग्य नव्हे, हे आम्ही येथे मुद्दाम नमूद करतो.

पहिली भेट ऑगस्टमध्ये, आमन धानाच्या लावणीच्या वेळी. बीजतळ्यातून उपटलेल्या रोपांच्या मुठी बांधून ठेवलेल्या होत्या. आमच्या कोकणात यालाच तरवा म्हणतात. चिखलणी झालेले तेच शेत, तोच वास, तेच पावसाळी आभाळ! मुले प्रथम चिखलाला बिचकली. एकाने पाय घातला, दुसऱ्याने घातला, आणि पाचव्या मिनिटाला त्यांना वर काढणे अवघड झाले. दोन-तीन रोपे एकत्र धरावयाची, अंगठ्याने हलकेच चिखलात दाबावयाची, वीतभर अंतर सोडून मागे सरावयाचे. मागे सरत काम करावे लागते, ही गोष्टच मुलांना मोठी गमतीची वाटली.

तेथे एक गोष्ट घडली. त्या शेतकऱ्याचा आठवीतला मुलगा पायांत बूट घालून बांधावर उभा होता. आमच्या एका मुलाने त्याला बोलाविले, तर तो म्हणाला, "बाबा मला शेतात उतरू देत नाहीत. अभ्यास कर म्हणतात." आम्ही त्याच्या वडिलांकडे पाहिले. ते थोडे ओशाळले आणि म्हणाले, "दादा, माझ्यासारखे त्याला राबावे लागू नये म्हणून." आम्हांला उत्तर सुचेना. कारण आमच्या वडिलांनीही आम्हांला असेच बांधावर उभे केले होते. "तू बुकं वाच, लावणीला आम्ही आहोत," असे म्हणून त्यांनी आम्हांला चिखलाबाहेर काढले, बी. ए. केले, सरकारी नोकरीला लाविले. त्या रात्री ओटीवर "तिला कोणी दाखवलंच नाही," असे ते म्हणाले, तेव्हा त्यात त्यांनी स्वतःलाही धरले असेल काय? हा प्रश्न आम्हांला त्या बांधावर प्रथम पडला.

मंडळी, येथे फसगत होऊ देऊ नये. शेतीचे गोडवे गाणे आपल्याला सोपे आहे, कारण संध्याकाळी आपल्याला परतीची लोकल असते. त्या शेतकऱ्याने मुलाला शिकविण्याची आस धरली, त्यात त्याचे काहीही चुकलेले नाही. पण कष्टातून मुलाला सोडविणे निराळे, आणि कष्टाची ओळखच होऊ न देणे निराळे. थोड्या वेळाने तो शेतकरी आपल्या मुलाला म्हणाला, "जा, ऊतर." त्याने बूट काढले. पुढे दोन तास आमच्या मुलांइतकाच तोही नवशिका होता.

दुसरी भेट ऑक्टोबरमध्ये. पोटरीतून लोंब्या बाहेर पडल्या होत्या. भात निसवले होते. मुलांनी येताच आपापल्या ओळी शोधावयास प्रारंभ केला. तेव्हा त्या घरच्या काकीमांनी हसत सांगितले, "तुम्ही लावलेली निम्मी रोपे दुसऱ्या दिवशी पाण्यावर तरंगत होती. आम्ही ती पुन्हा लावली." मुलांचे चेहरे उतरले. एका मुलीने हळूच विचारले, "मग आमची कोणती?" काकीमांनी बोट दाखविले: "ती वाकडी ओळ दिसते ना, ती तुमचीच." त्या वाकड्या ओळीपाशी मुले जेवढा वेळ बसली, तेवढी ती कोणत्याही प्रेक्षणीय स्थळी बसलेली आम्ही पाहिली नाहीत. आणि म्हणूनच त्यांना भाताचे फूल पाहावयास मिळाले. भाताचे इवलेसे फूल सकाळी ऊन वर आल्यावर तास-दोन तास उमलते, पिवळसर परागकोश बाहेर लोंबतात, आणि मग तुसाची दोन्ही कवाडे पुन्हा मिटतात. त्या मिटलेल्या कवाडांआड दाणा भरू लागतो. आमचे बालपण भातशेतीत गेले, पण हे फूल आम्हीही त्या दिवशीच प्रथम नीट पाहिले.

तिसरी भेट डिसेंबरच्या आरंभी, कापणीच्या वेळी. विळे मोठ्यांच्याच हाती ठेविले. मुलांनी पेंढ्या बांधल्या, वाहिल्या, फळीवर झोडपल्या. मग आम्ही त्यांना एक हिशेब घातला. एक चौरस मीटर जागा दोरीने आखून तेवढेच भात निराळे झोडपले. ते भरले जेमतेम अर्धा किलो. भरडल्यावर त्यातून दोन-तृतीयांश, म्हणजे सुमारे ३३० ग्रॅम तांदूळ निघतो. बारा वर्षांच्या एका मुलीने लोकलमध्ये वहीवर गणित केले: चौघांच्या घरात रोज पाऊण किलो तांदूळ शिजत असेल, तर रोज सव्वादोन चौरस मीटर शेत लागते, वर्षाला सुमारे ८२० चौरस मीटर, म्हणजे आपले आठ गुंठे, अथवा येथील बारा कट्ठे. तिच्या आईने पुढे आम्हांला सांगितले की त्या दिवसापासून तिच्या ताटात शीत उरत नाही. आमच्या मते हे खरे प्रमाणपत्र. त्याला चौकट लागत नाही.

त्या दिवशी शेतकऱ्याच्या घरी नवान्न होते. नवे तांदूळ, ओले खोबरे आणि हिवाळी खजुराचा गूळ असा प्रसाद मुलांच्या हातांवर पडला. नवान्न हा शब्द मुलांना अनुवाद न करताच कळला, कारण तो आपलाही शब्द आहे. आमच्याकडे आश्विनात नवान्न पौर्णिमा असते; भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानासह दाराला बांधतात, त्याला नवे बांधणे म्हणतात. मुलांनी विचारले की तिकडे आश्विनात आणि इकडे अग्रहायणात, असे का? उत्तर शेतातच होते. कोकणातील हळवे भात लवकर पिकते. बंगालचे आमन धान महिना-दीड महिना अधिक घेते. सण पंचांगात लिहिलेले असतात, पण ते ठरविले पिकाने. त्या रात्री या महानगरातील अठरा मराठी सदनिकांच्या दारांना भाताची एकेक लोंबी बांधली गेली. एका घरी शेजारच्या बंगाली आजींनी ती पाहून मुलाला घरात बोलावून पायेस खाऊ घातली, असे ऐकिले.

या तिसऱ्या भेटीला आमची कन्या रजेवर आली होती, तीही आली. आता ती तेवीस वर्षांची आहे, बंगळूरला नोकरी करते. मुले झोडणीत गुंतली असता ती कापलेल्या शेतात एकटीच वाकून काहीतरी वेचीत होती. आम्ही जवळ गेलो. ती सरवा वेचीत होती. गळून पडलेल्या लोंब्यांची एक मूठ तिने काकीमांच्या सुपात नेऊन ठेविली. आम्ही काही बोललो नाही, तीही बोलली नाही.

आता बागेविषयी थोडे. सर्वांना शेत गाठणे जमेल असे नाही. पण गंगेच्या पलीकडच्या तीरावर शिवपूरचे वनस्पती उद्यान आहे. कंपनी सरकारच्या काळात १७८७ मध्ये रॉबर्ट किड याने ते स्थापिले. २००९ पासून ते आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्या नावाने ओळखले जाते. २७३ एकरांचे हे उद्यान एका दिवसात पाहू नये. आम्ही मुलांना फक्त तेथील महावटाकडे नेतो आणि एकच काम देतो: याचे मूळ खोड शोधून काढा. अर्धा तास मुले पारंब्यांच्या त्या रानात धावतात, भांडतात, हेच ते म्हणून जाडजूड पारंब्यांना मिठ्या मारतात. मग त्यांना सांगावयाचे की मूळ खोड नाहीच. १८६४ व १८६७ च्या वादळांत झाडाला इजा झाली, पुढे बुरशीने खोड पोखरले आणि १९२५ मध्ये ते काढून टाकावे लागले. अडीचशे वर्षांचा हा वृक्ष जमिनीत उतरलेल्या पारंब्यांवर जगतो आहे. २०२० च्या अम्फान वादळातही त्याची हानी झाली, तरी तो उभा राहिला. पुढे काही समजावून सांगण्याची गरज नसते. घराबाहेर पन्नास वर्षे काढलेल्या मंडळाच्या सभासदांना तर नाहीच नाही. मात्र एवढे ध्यानात ठेवावे की पारंबी नुसती लोंबकळत राहिली तर खांब होत नाही. ती जेथे असेल तेथील मातीत उतरावी लागते. आपली मुले गावच्या मातीत परतोत न परतोत, ज्या मातीवर ती राहतात ती तरी त्यांच्या हातांना लागली पाहिजे.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी, कारण उत्साहाला शिस्तीची जोड हवी. एका वेळी वीसपेक्षा अधिक मुले नेऊ नयेत. शेतात नुकतेच कीटकनाशक फवारले नाही ना, हे शेतकऱ्याला आधी विचारावे. ज्याच्या पायाला जखम असेल, त्याने साचलेल्या पाण्यात उतरू नये. अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखा रोग जडू शकतो. ढग गडगडू लागताच शेत सोडून पक्क्या घरात यावे, झाडाखाली थांबू नये. या भागात वीज पडून दरवर्षी माणसे दगावतात. बांधावर पाहून पाऊल टाकावे, सापाची जागा तीच. पिण्याचे पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी आपली आपण न्यावी. खाण्याच्या पुड्यांची वेष्टणे परत आणावीत. छायाचित्रे शेवटच्या दहा मिनिटांत काढावीत. आणि तेथील प्रत्येक वस्तूचे नाव मुलांनी दोन भाषांत विचारावे, गावच्या भाषेत आणि आपल्या. विळा आणि कास्ते, बांध आणि आल, तरवा आणि बीजतळे. मराठी टिकविण्यासाठी आपण वर्ग चालवितो, ते चालवावेतच. पण चिखलात उभे राहून शिकलेला शब्द मुले विसरत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

काही पालक विचारतात, "परीक्षांच्या दिवसांत याला वेळ कुठे?" वर्षातून तीन रविवार, एवढाच वेळ लागतो. काही म्हणतात, "यामुळे मुले शेतकरी होणार आहेत काय?" बहुधा होणार नाहीत. पण त्यांच्यातील कोणी उद्या अधिकारी होऊन शेतकऱ्याच्या अर्जावर शेरा लिहील, कोणी बँकेत त्याचे कर्ज तपासील, कोणी नुसता बाजारात त्याच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करील. त्या वेळी आपली वाकडी ओळ त्यांना आठवावी, आणि ती सरळ करणारे हात आठवावेत, एवढीच आमची अपेक्षा आहे.

सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळ पुष्कळ संकल्प सोडीत आहे. त्यांत आमचा हा लहानसा संकल्प घालावा, अशी कार्यकारिणीस विनंती आहे: मंडळाचे एक शेत ठरावे, विकत नव्हे, ओळखीचे, आणि तेथे दरवर्षी लावणीला, फुलोऱ्याला व कापणीला आपली मुले जावीत. दोन-चार वर्षांत आमची येथून बदली होईल अथवा आम्ही निवृत्त होऊ. तेव्हा हे काम एखाद्या पालकाने आमच्याकडून आताच समजावून घ्यावे. पुढील लावणीच्या भेटीसाठी नावे घेणारी वही बाहेर टेबलावर ठेविली आहे. जुने कपडे आणावेत. नवे आणल्यास तेही परतताना जुनेच होतील.